काका, सॅक्सोफोन विकू नका

क्वीन्स, न्यूयॉर्क
रविवार, रात्र

ती. काका व ती. काकू यांना शि. सा. नमस्कार.

दादाचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. बोलता बोलता तो म्हणाला, माळ्यावरची सॅक्सोफोनची पेटी खाली काढलीय, निपाणीचा एक बँडवाला वाद्य बघून गेला, दिवाळीच्या आत व्यवहार उरकेल. मला काही बोलताच आलं नाही. फोनवर तुम्ही "बरं बाळ" म्हणता आणि विषय मिटतो. पत्र मात्र चष्मा लावून दोनदा वाचता, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी रात्रपाळी संपवून घरी न जाता मी विल्यम्सबर्ग पुलावर गेले. १९०३ सालचा हा लोखंडी पूल नदी ओलांडून ब्रुकलिनला जातो. मधून मेट्रो धडधडत जाते, तिच्या शेजारी गाड्या आणि वरच्या अंगाला पायी चालणाऱ्यांची वाट. गाडी आली की पायाखालची जमीन थरथरते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. या गोंगाटात एक माणूस दोन वर्षांहून जास्त काळ टेनर सॅक्सोफोन वाजवत उभा राहायचा. तुमचाच टेनर, काका. त्यांचं नाव सनी रॉलिन्स.

१९५९ साली ते एकोणतीस वर्षांचे होते आणि जॅझमध्ये त्यांचं नाव अगदी वर होतं. तेव्हाच त्यांनी कार्यक्रम घेणं थांबवलं. लोक जेवढं कौतुक करतात तेवढं आपलं वाजवणं नाही, असं त्यांना आतून वाटत होतं. राहायला जवळच, ग्रँड स्ट्रीटवर. शेजारच्या घरात एक बाई गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून ते वाद्य घेऊन पुलावर जायचे. कधीकधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. थंडीतसुद्धा. इथली थंडी काय असते ते मला आता ठाऊक आहे, बोटं चाव्यांवर फिरणं सोडा, खिशातून बाहेर काढवत नाहीत.

तिथं कठड्याला टेकून उभी असताना मला आपला बेळगावचा किल्ला तलाव दिसत होता. वडगावात आपल्या गल्लीत रात्रपाळीचे मागवाले पहाटे येऊन झोपायचे, त्यांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून एवढ्या लांब तलावावर जायचा. मी पुढं दांडीवर. तुम्ही एकच सूर धरायचा, दम संपेपर्यंत, मग दुसरा. मी कंटाळून विचारायची, गाणं कधी वाजवणार? तुम्ही म्हणायचा, "आधी सूर सरळ होऊ दे गं. गाणं मागनं येतंय." कॅम्पातल्या लष्कराच्या मराठा सेंटरच्या बँडातून निवृत्त झालेल्या मास्तरांनी तुम्हाला हेच शिकवलं होतं.

वरातीत तुमच्या वाजवण्याकडे कुणी कान दिला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. वळणावर वरात थांबली की दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही भूप राग धरायचा. पाच मिनिटं, फार तर सहा. मुलं "नागीण लावा" म्हणून ओरडायची आणि तुम्ही थांबायचा. रॉलिन्स जे करायचे ते याच जातीचं होतं. ओळखीची चाल घ्यायची, तिच्यातला छोटा तुकडा उचलायचा आणि तोच उलटसुलट करत, लांबवत बढत करायची. १९५७ मध्ये इथल्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्यांनी पियानोसुद्धा काढून टाकला. सोबतीला फक्त ड्रम आणि खर्जातला मोठा बास. त्या रेकॉर्डिंगमध्ये ते मध्येच गप्प बसतात, त्या जागा तुम्ही ऐकायला हव्यात.

त्यांचं आयुष्य सरळ गेलेलं नाही. इथल्याच हार्लेममध्ये वाढले, आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांकडचे. विशीत नशेपायी तुरुंगही पाहिला. १९५५ मध्ये लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात राहून नशा सोडली आणि पुढच्याच जूनमध्ये 'सॅक्सोफोन कोलॉसस' ही रेकॉर्ड केली. तिच्यातली 'सेंट थॉमस' ही चीज लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेल्या चालीवर आहे.

पुलावरून ते १९६१ च्या अखेरीस परतले. तुम्ही सुळेभावीच्या कुमारजींचं, कुमार गंधर्वांचं, नेहमी सांगता, क्षयानं देवासला अंथरुणावर पडून पाच-सहा वर्षं गाणं बंद, आणि उठल्यावर गळ्यात वेगळंच गाणं. तिथं आजारानं थांबवलं, इथं माणूस आपणहून थांबला, पण ऐकताना मला दोघं जवळचे वाटतात. साठच्या दशकाच्या शेवटी रॉलिन्स पुन्हा सगळं सोडून आपल्याकडे आले होते, मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.

आणि जे सांगायला मी पत्र लिहायला घेतलं ते हे. ११ सप्टेंबर २००१ ला त्यांचं घर त्या दोन टॉवरांपासून जवळच होतं. इमारत रिकामी करायला लावली तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं बरोबर सॅक्सोफोन घेतला. चौथ्या दिवशी बॉस्टनला कार्यक्रम केला.

२०१२ नंतर मात्र त्यांना लोकांसमोर वाजवता आलं नाही, आणि पुढं वाजवणंच थांबलं. पल्मोनरी फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात आणि दम भरत नाही. माझ्या वॉर्डात असे रुग्ण असतात. म्हणूनच तुमच्या दम्यावर मी पुन्हा फुंका असं म्हणणार नाही, डॉक्टरांचं ऐका. पण वाजवणं थांबल्यावर रॉलिन्सनी सरावाच्या वह्या आणि टिपणं टाकून दिली नाहीत. २०१७ साली ती हार्लेमच्या शॉम्बर्ग सेंटर या ग्रंथालयात गेली. बोटं कशी ठेवायची, श्वास कसा घ्यायचा, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

तुमचीही वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, पलट्यांची, म्हणजे सरावाच्या सुरावटींची.

दादाची चिमी आता अकराची झाली. गेल्या सुट्टीत तिनं पेटी उघडून नळीला नाक लावलं होतं, तुम्ही हसला होता. तिला सुरुवातीला नुसता तोंडात धरायचा माउथपीस आणि त्यावरची रीड, ती फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, द्या, सूर धरायला शिकवा. वाद्य तिला जड होईल, खुर्चीवर बसून मांडीच्या कडेला टेकवू दे. तुम्हाला फुंकावं लागणार नाही, फक्त ऐकायचं आहे, आणि सूर हलला की सांगायचं आहे.

निपाणीवाल्यानं विसार दिला असेल तर तो परत करा. तेवढे पैसे आणि वाद्याचे पॅड बदलायचा खर्च दादाच्या खात्यावर आजच टाकलाय. पुढच्या महिन्यात माझी मैत्रीण गोव्याला उतरून हुबळीला जाणार आहे, तिच्याबरोबर रीडच्या दोन डब्या पाठवते. दोन नंबरच्या मऊ रीड, चिमीसाठी.

काकू, वही देव्हाऱ्याखालच्या फळीवर जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात होती. तिथं नसेल तर लोखंडी ट्रंकेत बघा.

तुमची,
बेबी