सूत्र बरोबर, उत्तर अशक्य

थर्मोडायनॅमिक्सच्या (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या) परीक्षेत सूत्रांचा तक्ता द्यावा, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. सूचना रास्त आहे, पण त्याने मूळ दुखणे जाणार नाही. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला. ३२७ आणि २७ अंश सेल्सिअस या तापमानांदरम्यान चालणाऱ्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता (मिळालेल्या उष्णतेचा जास्तीत जास्त किती भाग कामात बदलेल) विचारली, की काही उत्तरपत्रिकांत ९२ टक्के हे उत्तर हमखास सापडते. सूत्र (एक वजा थंड तापमान भागिले उष्ण तापमान) अचूक, आकडेमोडही चोख. फक्त तापमान केल्विनमध्ये (निरपेक्ष शून्यापासून मोजायच्या एककात, म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) बदलायचे राहिलेले. ६०० आणि ३०० केल्विन घेतले, की उत्तर येते ५० टक्के. विसरणे समजू शकते (मीही फळ्यावर विसरलो आहे). पण ९२ टक्के लिहिताना पेन जरासुद्धा थबकत नाही, हे मला खटकते. फ्रेंच अभियंता सादी कार्नोने १८२४ मध्ये कार्यक्षमतेची ही मर्यादा ओळखली, तेव्हा एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचे माप) हा शब्दही नव्हता आणि उष्णतेला तो एक द्रव्यच मानत होता. तक्ता जरूर द्यावा. मात्र एखादा प्रश्न आकडेमोडीविना असावा: दिलेले उत्तर शक्य आहे का, आणि नसेल तर का नाही?

– एक निवृत्त प्राध्यापक