‘डॉक्टर का व्हायचंय?’ हे निकालाच्या दिवशी विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की आपल्या अंकात पेढा भरवतानाचे फोटो येतात आणि खाली दरवर्षी तेच वाक्य : ‘डॉक्टर होऊन ग्रामीण भागातील गोरगरिबांची सेवा करायची आहे.’ मी मिरजेत १९ वर्षं खानावळ चालवते. सरकारी मेडिकल कॉलेज इथं १९६२ पासून आहे, त्यामुळे माझ्याकडे जेवणारी निम्मी पोरं मेडिकलचीच. तो प्रश्न मीही विचारते, पण महिनाभर जेवून झाल्यावर. तेव्हा उत्तरं निराळी येतात.

जत तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, “काकी, थोरला भाऊ इंजिनिअर होऊन घरात बसलाय. आई म्हणाली, डॉक्टर कधी बसून राहत नाही.” तासगावकडच्या एकीला लातूरला क्लास लावायला वडिलांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलेलं. ७२० पैकी किती पडले हे ती नावाच्या आधी सांगायची. साडेचार वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, सरकारी कॉलेज म्हणून बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, वर पीजीची, म्हणजे पुढच्या शिक्षणाची, नीट. हा हिशेब मला भाकरी थापता थापता पाठ झालाय. तिच्या वडिलांना मात्र कुणी सांगितलाच नव्हता. ते पाच वर्षांत दवाखान्याचा बोर्ड लागेल म्हणून बसलेले.

पोटापाण्याचा विचार करून पोर आलं तर त्यात वावगं काय? त्याच्या तोंडी सेवेचं वाक्य आपण मोठीच माणसं घालतो.

जतचा तो मुलगा डिसेक्शन हॉलमधून, म्हणजे प्रेत चिरून शिकवतात तिथून, पहिल्यांदा आला, त्या दिवशी तीनदा साबण लावून ताटावर बसला आणि चमचा मागितला. आता चमच्यानं भाकरी कशी खाणार? आमटी-भात कसाबसा गिळून उठला. आठवडाभर हेच. मग हातानं जेवायला लागला, पण आधी बोटं हुंगून.

या मुलांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक देतात. जाऊन वजन, बीपी बघायचं. तिथल्या एका आजीनं या जतच्या पोराला विचारलं, “गोळ्या कधी देणार?” हा काय देणार, याची अजून हाडांची नावं पाठ होत नव्हती. पण आजी दार चाचपत येते एवढं त्यानं पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिला एसटीनं सिव्हिलला डोळे तपासायला घेऊन आला. मोतीबिंदू निघाला. दुपारी दोघं माझ्याकडे जेवायला. तिला ताटातलं नीट दिसेना, तर हा भाकरी आमटीत कुस्करून देत होता. हातानं. बोटं हुंगायचं त्या दिवशी विसरला होता.

तेव्हा वार्ताहर पाठवायचाच असेल तर पहिली परीक्षा होऊन गेल्यावर पाठवा. दुपारी एक ते तीन सगळी इथंच असतात. जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतील.

– एक खानावळवाली, मिरज (जि. सांगली)