आजींची स्मरणसभा : रविवारी सायंकाळी ५ वाजता

सर्व सभासदांना नमस्कार.

बी विंगमधल्या आपल्या आजींच्या स्मरणार्थ येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचे आहे. हार आणू नयेत, ही घरच्यांची विनंती. बोलणाऱ्यांनी प्रत्येकी ३ मिनिटे घ्यावीत.

आजींच्या आठवणींची वही करून घरच्यांना द्यायची आहे. त्यासाठी शुक्रवार रात्रीपर्यंत सचिवांकडे पाठवा :

• फोटो : व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर आकार कमी होतो आणि छापताना चेहरे पुसट येतात. जुन्या अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तो फाटू शकतो. पान खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल बरोबर वर आडवा धरून टिपा. मागे नावे, साल लिहायचे तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

• आवाज : गच्चीवर कुरडया घालता घालता मुलांकडून पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) म्हणून घेणाऱ्या आजींचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर तो हवाच. त्यांचे व्हॉइस मेसेज आजच फॉरवर्ड करा. फोन बदलताना ते हरवू शकतात.

• कुरडयांची कृती : ज्या त्यांच्या हाताखाली शिकल्या त्यांनी लिहून द्यावी. गहू किती दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे ते, एक वाटी चिकाला पाणी किती, सगळे. मापे आजींचीच ठेवा.

आजोबांना कमी ऐकू येते. भेटायला एका वेळी दोघांनीच जावे, समोर बसून सावकाश बोलावे. दुपारी २ ते ४ त्यांची विश्रांती असते.