पाच पासपोर्ट आणि एक पर्स

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सध्या जो तो दिवाळीच्या युरोप टूरचं बुकिंग करतोय म्हणून हे लिहितेय. मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण पॅरिसला होतो आणि पाचही पासपोर्ट सासूबाईंच्या पर्समध्ये, का तर त्या सगळ्यात जपून ठेवतात. लूव्र म्युझियमला जाताना मेट्रोच्या १ नंबर लाइनवर चढतानाच तीन मुली आमच्यात घुसल्या, कॉलेजातल्या वाटाव्यात अशा, एकीने नकाशा पुढे धरून काहीतरी विचारलं, दार बंद व्हायचा भोंगा वाजला आणि तिघी पटकन खाली उतरल्या. पर्स खांद्यालाच होती, चेन उघडी, पासपोर्टचा पाऊच गायब. सासूबाई कितीतरी वेळ ती चेन लावत होत्या, परत उघडून बघत होत्या.

पुढचे दिवस पोलीस स्टेशन आणि आपली एम्बसी यातच गेले. पोलीस रिपोर्ट आधी घ्या, त्याशिवाय काही हलत नाही. आम्हाला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं पण ते फक्त भारतात परतायला चालतं, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, चोरीला गेलेल्या पासपोर्टवरच होता, त्यामुळे ग्रुप स्वित्झर्लंडला गेला आणि आम्ही घरी आलो.

आल्यावर "लक्ष कुठे होतं" हे शंभर वेळा ऐकलं त्याचं फार वाईट वाटतं. अहो, खिसेकापूंच्या त्रासाला कंटाळून एप्रिल २०१३ मध्ये लूव्रच्या स्टाफने काम थांबवलं, म्युझियम एक दिवस बंद होतं, मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरलाही तेच झालं. तिथे रोज काम करणारे हैराण होतात तिथे सत्तरीच्या बाईला काय बोलायचं? चूक आमची, सगळ्यांचं ओझं एकटीवर टाकलं.

टूरवाल्यांना विनंती की निघायच्या आधीच्या मीटिंगला जेवणाच्या मेन्यूइतकाच वेळ याला द्या. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर बोटाला दोरा बांधून पैसे मागतात, हात मागे घ्या आणि चालत राहा. कागद पुढे करून सही मागतात तेव्हा दुसरा हात बॅगेत असतो. मेट्रोत दाराजवळ मोबाइल हातात धरू नका. इमर्जन्सीला ११२. पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो ईमेलवर, आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर, कपड्यांच्या आत. आपल्या आज्या पैसे कनवटीला लावायच्या तेच बरोबर होतं. आमच्या जाऊबाई डिसेंबरला रोमला चालल्यात, त्यांनी चौघांच्याही कपड्यांना चोरखिसे शिवून घेतलेत, चेन लावून.

– एक वाचक, डोंबिवली