शिफ्ट दाबून चाला, बाबा

कर्वेनगर, पुणे
१४ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की बाबा मध्येच स्पीकर लावतात आणि आई, तू "बरं बरं, ठेवते" म्हणून मोकळी होतेस. म्हणून पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्यानं वाचायचं, चष्मा लावून.

आधी त्या रात्रीचं सांगते. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या रात्री आई दोनला उठली, तेव्हा मी कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रिन्स, आपला तो जुना कॉम्प्युटरवरचा खेळ, खेळत होते. आई, तू काही बोलली नाहीस. पाणी प्यायलीस आणि परत आडवी झालीस. मावशीला मात्र म्हणालीस, "बाप असा पडलाय आणि हिला खेळ सुचतोय." मावशीवर रागावू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, बघणाऱ्याला ते तसंच दिसणार. पण गेले तीन आठवडे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला लहानपणीचा खेळ अजून का लागतो, हे तुला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

१९९५ साल तुम्हाला आठवत असेल. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून तो जुना ३८६ कॉम्प्युटर घेतला. हळदीच्या अडत पेढ्यांची कीर्द-खतावणी आता यावर करायची म्हणाले. आईनं जुन्या चादरीचं कव्हर शिवलं, त्याला निळी झालरही लावली. चपला बाहेर काढून आत यायचं, हात धुऊन बसायचं. दिवाळीत सुहासदादा आला तो मोठ्या फ्लॉपीत प्रिन्स ऑफ पर्शिया घेऊन. काळ्या पडद्यावर पी-आर-आय-एन-सी-ई टाईप करून एंटर दाबलं, आणि तळघरात एक पांढऱ्या कपड्यातला मुलगा धपकन येऊन पडला.

तोवर मी पाहिलेल्या खेळांतली माणसं टुणटुण उड्या मारायची. हा मुलगा माणसासारखा धावायचा. धावताना थांबवला तर थोडा घसरून थांबायचा. उडी कमी पडली तर कड्याला हातांनी लोंबकळायचा, मग एक पाय वर घेऊन चढायचा. मी तेव्हा बाबांना विचारलं होतं, हा खरा माणूस आहे का? बाबा म्हणाले, चित्र आहे गं. बाबा, तो खरा माणूस होता. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन मुलानं हा खेळ जवळजवळ एकट्यानं केला. १९८५ मध्ये त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओवर घेतलं. मग त्या व्हिडिओतलं एकेक चित्र थांबवून, गिरवून संगणकात उतरवलं. १९८९ मध्ये खेळ बाहेर आला. आणि त्यातलं संगीत कुणाचं होतं? त्यांच्या वडिलांचं. आपल्या ३८६ च्या पिपाणीतून जे 'पीं पीं' यायचं ते फ्रान्सिस मेक्नर यांनी मुलासाठी रचलेलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा आपल्याकडचं संध्याकाळचं साडेसातचं घर डोळ्यांसमोर आलं, कारण आपणही तो खेळ घर मिळूनच खेळलो.

आई, तू म्हणशील मी कधी खेळले? तेच सांगायचंय. शेवटच्या लेव्हलला ती सावली समोर यायची, चौथ्या लेव्हलला आरशातून बाहेर पडलेली. मी वार केला की माझाच जीव कमी व्हायचा. पंधरा दिवस मी तिथं मरत होते. तू मागं पाटावर मेथी निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आरशातनं आलेला तोच ना हा? मग स्वतःलाच काय मारतेस? ठेव ती तलवार." मी तलवार म्यान केली. समोरच्यानंही केली. मी चालत पुढं गेले आणि दोघं एक झाले. तू तोवर मेथीच्या काड्या गोळा करून उठलीसुद्धा होतीस. इतक्या वर्षांत हा प्रसंग मी कितीजणांना सांगितला असेल! माझ्या आईनं प्रिन्सचं कोडं सोडवलं, हे मी अजून अभिमानानं सांगते.

आणि बाबा मोजायचे. त्या खटाखट मिटणाऱ्या कातऱ्या होत्या ना, त्यांच्यापुढं माझे हात गारठायचे. बाबा मागं उभं राहून खुर्चीच्या पाठीवर बोटानं ठेका धरायचे. "एक, दोन, आणि चल." तुम्ही "चल" म्हटलं की मी जायची, आणि कधी कापली गेले नाही. साठ मिनिटांत बारा लेव्हल संपवायच्या होत्या. मेलं तर लेव्हल परत सुरू व्हायची, पण घड्याळ मागं जायचं नाही. सुहासदादानं युक्ती आणली होती, प्रिन्सच्या पुढं 'मेगाहिट' टाईप केलं की वेळ वाढवता यायची. बाबांनी साफ नाही म्हटलं. म्हणाले, आहे तेवढ्यात बसवायचं. तेव्हा मला राग आला होता. मार्चमध्ये, परीक्षा संपल्याच्या रात्री, तीन मिनिटं शिल्लक असताना आपण राजकन्येपर्यंत पोचलो. आईनं तेवढ्या रात्री शिरा केला.

त्या दवाखान्यातल्या रात्रीही मी तुमचं मोजणंच ऐकत होते. तुम्ही गुंगीत होता. श्वासाची लय मध्येच बदलायची आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. पुस्तक उघडलं तर ओळी डोक्यात शिरत नव्हत्या. प्रिन्स लावला आणि पहिल्या कातरीपाशी थांबले, तर बोटांना तुमचा ठेका जसाच्या तसा माहीत होता. एक, दोन, आणि चल. आई, मी त्या रात्री मन रमवत नव्हते. बाबांचा आवाज जिथं पहिल्यासारखा ऐकू येतो अशी तेवढी एकच जागा मला माहीत आहे, तिथं जाऊन बसले होते.

ऑफिसातली मुलं विचारतात, एवढे नवे खेळ असताना हा जुना कशाला. लहानपणीचं सगळंच गोड लागतं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. लहानपणचे कितीतरी खेळ मी विसरले, परत हातात घेतले तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. प्रिन्स राहिला तो त्याच्या चालीमुळे. एका मुलाची चाल चाळीस वर्षं तशीच्या तशी राहिली आहे. डेव्हिड आता पन्नाशी ओलांडून गेला, पण त्याचं ते घसरून थांबणं तसंच आहे. बाबा, तुमचीही चाल मला अशी पाठ होती. जिन्यात तीन मजल्यांखाली पाऊल वाजलं की मी गृहपाठाची वही उघडायची. आता वॉकर घेऊन तुम्ही बाहेरच्या खोलीत येता तो आवाज मला अजून ओळखू येत नाही. येईल. डॉक्टरांनी सांगितलंय तसा व्यायाम केला तर वॉकर सुटेल, काठीवर याल. पण मला त्याची सवय व्हायला वेळ लागतोय, एवढं खरं.

आणि ही मालिका माझ्याबरोबर वाढत गेली. २००३ मध्ये सँड्स ऑफ टाईम आला, त्यात राजपुत्राच्या हातात एक खंजीर असतो. चुकीची उडी मारली तर काही क्षण वेळ मागं घेता येतो. त्याच्याजवळ वाळू असेल तेवढ्या वेळाच. मी हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर तो खेळले. तो पडून मेला की स्वतःच म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट परत सांगू लागतो. आजीच्या वेळी मी परीक्षेमुळे सांगलीला आले नाही, त्या महिन्यात मी तो खेळ किती खेळले ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी जानेवारीनंतर ईराबरोबर द लॉस्ट क्राऊन खेळले, त्यात राजपुत्र नाहीच, सरगॉन नावाचा योद्धा आहे, आणि पात्रं फारसीत बोलतात असंही लावता येतं. ईराला कठीण जागा आली की मी मागून खुर्चीवर ठेका धरते. ती म्हणते, "आई, मोज." तिला कुणी शिकवलं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी इथं पुण्यात पाहिलेल्या भाड्याच्या घराचा करार झाला. डिपॉझिट भरलं. तुम्ही "बघू पुढं" म्हणालात तेव्हा मी गप्प बसले, त्याला होकार समजले, हे माझं धाडस आहे. पण सांगलीचा तो तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. मला रात्री झोप लागत नाही हो. इथलं घर तळमजल्यावर आहे, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. मुलीकडे राहायचं कसं, ही बाबांची अडचण मला कळते, म्हणूनच माझ्या घरात या म्हटलं नाही. भाडं तुमच्या पेन्शनीतून, दारावर पाटी तुमच्या नावाची, मी येताना बेल वाजवून येईन. सांगलीचं घर विकायचं नाही, किल्ली आईकडेच राहील. हळदीकुंकवाला, गणपतीला आपण जाऊ. कृष्णाकाठची संध्याकाळ आणि आयर्विन पूल इथं मिळणार नाही, ते मी नाकारत नाही. पण समोरच्या बागेला कट्टा आहे आणि सकाळी तिथं तुमच्या वयाचे पाच-सहाजण पेपर वाचत बसतात, मी दोन दिवस मुद्दाम पाहून आले.

बाकी सगळं लावून ठेवलंय. संडास कमोडचा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. बाथरूमला खडबडीत फरशी. दूधवाला सव्वासहाला येतो, म्हशीचं दूध देतो. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, आईला चहा करताना ऊन मिळेल. ओटा जरा उंच आहे, पाट करून घेतलाय. देवघराला कोनाडा आहे. भडंग मी सांगलीहून मागवत जाईन.

आता जे सांगते ते ऐकायचं, दोघांनीही.

बाबा, औषधांच्या गोळ्या नुसत्या बघून घ्यायच्या नाहीत. आठवतं, आपल्या एकरंगी मॉनिटरवर प्रिन्समधल्या औषधाच्या सगळ्या बाटल्या सारख्याच दिसायच्या, कुठली जीव वाढवते आणि कुठली घेते ते कळायचं नाही? मी वहीत लेव्हलवार लिहून ठेवलं होतं. तशीच वही आईनं करायची. सकाळ, दुपार, रात्र. दिली की खूण. रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही आणि दोनदा घ्यायची नाही.

आई, रात्री त्यांना उठवताना एकटीनं ओढू नकोस. तुझी पाठ गेली तर दोघांना कोण बघणार? शेजारच्या काकांना हाक मार, संकोच करू नकोस.

माळ्यावर कुणी चढायचं नाही. मी येऊन काढेन. ३८६ भंगारात देऊ नका, कव्हरसुद्धा. फ्लॉप्यांचं खोकं तर अजिबात नको. मेक्नरला आपल्या खेळाच्या मूळ डिस्क हरवल्या असं वर्षानुवर्षं वाटत होतं. २०१२ मध्ये वडिलांनी घरातलं एक जुनं खोकं त्याला पाठवलं, त्यात त्या निघाल्या. बाबा, तुमच्या खतावण्याही त्याच खोक्यात आहेत, आणि माझी ती बाटल्यांची वही. आता त्यातलं काही उघडेल की नाही, हा प्रश्नच नाही.

आणि शिफ्टचं विसरू नका. शिफ्ट दाबून बाण दाबला की तो मुलगा एकेक पाऊल जपून टाकायचा. कड्यापाशी आपोआप थांबायचा. सुळ्यांमधूनसुद्धा तसाच सुखरूप जायचा. तुम्हीच मला ओरडायचात, "पळतेस काय, शिफ्ट धर!" त्या दिवशी बाथरूममध्ये तुम्ही पळालात, बाबा. फोन वाजत होता म्हणून. वाजू दे. माझा फोन असला तरी वाजू दे, मी पुन्हा करेन.

शनिवारी सकाळी सातला टेम्पो येईल, आदल्या रात्री मी पोचते. सामान हमाल उतरवतील, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. चोपन्न पायऱ्यांचं मी फिजिओथेरपीच्या ताईंना विचारून घेतलंय. दर मजल्यावर खुर्ची ठेवू. एका बाजूला कठडा, मागं जावई, आणि मी तुमच्या एक पायरी खाली उलटी चालेन, तोंड तुमच्याकडे करून. ठेका तुम्ही धरायचा. तुम्ही "चल" म्हटल्याशिवाय मी पाय खाली टाकणार नाही.

तुमची,
मनी

ता. क. आई, लोणच्याची मोठी बरणी टेम्पोत नको, माझ्या मांडीवर देऊ. आणि मावशीला फोन कर, ती घाबरून बसली आहे.