मंत्रिमहोदय, ठेका कोण धरणार?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या मैफलीला आपण आलात. निघताना माइकवरून म्हणालात, "तबल्याची जागा तीन महिन्यांत भरतो." टाळ्या मीही वाजवल्या. परवा कार्यालयातून चिठ्ठी आली: निधी नाही, यंदा तबला साथीदाराची मानधनावरची नेमणूकसुद्धा होणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली आहे. मुलांनी विलंबित एकताल, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा ताल, कोणाच्या ठेक्यावर गायचा? मोबाइलच्या? मूल अडखळलं तर मोबाइल त्याला सांभाळून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणत नाही, साहेब.

ती मैफल आपल्यासाठी दोन तासांची होती. आमचे चार महिने गेले तिच्यात. विभागात आठ तानपुरे. त्यातल्या पाचांची जवारी, म्हणजे तारांची गुंज, गेलेली, एकाचा भोपळा तडकलेला. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं पडून होता. शेवटी मुलांनी वर्गणी काढली, एका पालकांनी टेम्पो दिला आणि वाद्यं मिरजेला नेली. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गाजावाजा झाला. तिथल्या कारागिरानं आमच्याकडून फक्त तारांचे पैसे घेतले. मजुरी नाही. गावातलं भजनी मंडळ रोज रात्री टाळ-पखवाज घेऊन तालमीला यायचं. ती मंडळी काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत गाणारी, आमचे मुलगे खालच्या काळी एकला. आठवडाभर काही जुळेना. तोडगा काढला तबल्याच्या सरांनी. ख्याल मुलग्यांनी त्यांच्या पट्टीत गायचा, मग अभंग मुलींनी मंडळाबरोबर उचलायचा. दोन्ही पट्ट्यांचे तबले त्यांनी स्वतःच्या घरून आणले, स्कूटरवरून. त्या अभंगाला आपण उभं राहून दाद दिलीत. त्याच सरांना आता नारळ दिला आहे.

माझं म्हणाल तर मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहे. वर्षातले नऊ महिने काम, मानधन कधी दोन, कधी चार महिन्यांनी. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी माझी पेटी विकली. पंधराव्या वर्षी घेतलेली होती. अजून तशी पेटी घेता आलेली नाही. दर जूनमध्ये मुलाखतीला बसते आणि भूप राग गाऊन दाखवते, जणू हे लोक मला पहिल्यांदाच ऐकताहेत.

हे आमच्यापुरतं नाही. माझ्या माहितीतल्या सहा संगीत विभागांपैकी चारांत हेच चाललं आहे. विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की स्वागतगीताला आमचीच मुलं, अहवालात आमचेच फोटो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेवर किती परिसंवाद झाले! ठेका धरणारा माणूस त्या परंपरेत बसत नाही का? १८८६ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी गायनशाळा काढली. गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं केलं ते लोकांच्या देणग्यांवर. आज राजाही नाही आणि लोकांनी हात पुढे केला तर सरकार आपला काढून घेतं. वर्गणी आम्ही गोळा करायची, तर शिक्षण खातं कशासाठी आहे?

परीक्षेआधी नेमणुकीचा आदेश काढा. थकलेलं मानधन द्या.

सर बिनपैशांनी यायला तयार आहेत. मी त्यांना तसं येऊ देणार नाही. माझ्या मानधनातून देईन. चार महिन्यांचं यायचं आहे.

आपली,
एक संगीतशिक्षिका