देवराईतला झाडोरा म्हणजे कचरा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील देवराईच्या सुशोभीकरणाचे वृत्त कालच्या अंकात वाचले. खालचे रान साफ केले, वेली तोडल्या, वाळलेली खोडे काढली, देवळापर्यंत पेव्हर बसवले आणि ‘एकही मोठे झाड तोडले नाही’, असे आपण कौतुकाने छापले आहे. माझी हरकत याच वाक्याला आहे.

पाखरे मोठी झाडे मोजून राहायला येत नाहीत. जमिनीपासून शेंड्यापर्यंत पाला कुठेकुठे आहे, यावर त्यांचे राहणे ठरते. रॉबर्ट आणि जॉन मॅकार्थर यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या रानांत पाल्याचे तीन थर धरले होते: दोन फुटांपर्यंतचा, दोन ते पंचवीस फुटांचा आणि त्याच्या वरचा. तिन्हींत पाला जितका समप्रमाणात, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त, असे त्यांना आढळले. या देवराईत खालचा थर कोयत्याने पुरता गेला, मधलाही बराचसा गेला.

आपल्या रानात पाचू कवडा आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर पाचोळ्यात चरतात. ठिपकेवाला सातभाई जमिनीवरच पानांचे घुमटी घरटे बांधतो. कर्णा मधल्या थरात किडे टिपतो आणि घरटे पोखरतो ते कुजून मऊ झालेल्या खोडात. वाळके म्हणून काढली ती नेमकी हीच खोडे. धनेशाला तर ढोली पोखरताच येत नाही. जुन्या झाडाचा गाभा कुजून तयार झालेली ढोली त्याला लागते, तिचे तोंड लिंपून मादी आत बसते. ढोलीची झाडे गेली, तर उंबर-नांदुर्की कितीही फळोत, धनेश खाऊन निघून जाणार.

शिवाय तळाला ऊन पोचले की रानमोडीचे तण माजते. मग पुन्हा सफाई, पुन्हा ऊन. उरतात बुलबुल, साळुंक्या आणि कावळे, जे गावातही आहेतच.

सफाई करायचीच असेल तर फक्त रानमोडी काढा, तीही पाऊस ओसरल्यावर, माती ओली असताना, फुलण्याआधी आणि मुळासकट. नुसती छाटली तर बुंध्यातून दुपटीने फुटते. कारवी, करवंदाच्या जाळ्या, वेली, पाचोळा यांना हात लावू नका. वाटेवर कोसळेल असे वाळके झाड असेल तेवढेच पाडा, आणि खोड तिथेच कुजू द्या. पायवाट तीन-चार फुटांची, मातीचीच पुरे. फेब्रुवारी ते जून हा बहुतेकांच्या विणीचा काळ, तेव्हा कोयता रानात नकोच. तोडलेल्या जागी अकेशिया तर मुळीच लावू नका. त्याची चिवट पाने लवकर कुजत नाहीत आणि एका वयाची झाडे एकाच उंचीवर छत धरतात.

जाता जाता, वृत्तासोबतच्या छायाचित्रात ‘मलबारी राखी धनेश’ म्हणून छापलेला पक्षी कवड्या धनेश आहे. राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसते. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, खानापूर